लिक्विड गॅस्केट: इंजिनही टिकावे, कारागीरही टिकावा

आपल्या वस्त्यांमध्ये गॅरेजशी काहीच संबंध नाही अशी घरे थोडी. कुणाचा मुलगा दुचाकीच्या गॅरेजात हेल्पर आहे, कुणाचा भाऊ रिक्षाचे इंजिन काम करतो, तर कुणी स्वतःच्या दारासमोरच पाना-पक्कड घेऊन दुकान मांडले आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एका लुकणाविषयी लिहीत आहोत. ते लुकण म्हणजे लिक्विड गॅस्केट. कुणी त्याला सिलिकॉन म्हणतात, कुणी गॅस्केट मेकर म्हणतात, कुणी सरळ कंपनीच्या नावाने मागतात. इंजिन उघडून पुन्हा बांधताना दोन भागांच्या सांध्यात ते लावतात.

या ट्यूबचा वास नाकाला झोंबतो. रोज हाच वास घेऊन पोराच्या छातीला काही होणार तर नाही ना, अशी काळजी घरच्यांना वाटते. काळजी रास्त आहे. पण खरी गोष्ट अशी की या कामात ट्यूब हा सर्वांत लहान धोका आहे. ट्यूब हातात घेण्याआधी जे खरडणे आणि धुणे होते, त्याचा धोका कितीतरी मोठा आहे, आणि तो कपड्यांवरून घरापर्यंत येतो. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. इंजिनासाठी जी पद्धत बरोबर, तीच कारागिराच्या शरीरासाठीही बरोबर आहे. त्यासाठी वेगळा खर्च फारसा लागत नाही. हे कसे ते क्रमाने पाहू.

इंजिनाला लुकण कशाला लागते?

इंजिन एका तुकड्याचे नसते. हेड, ब्लॉक, क्रँककेस, खालचा ऑईल चेंबर, टॅपेट कव्हर असे अनेक भाग बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. हे भाग मशीनवर सपाट केलेले असले तरी त्यांच्या फेसवर बारीक चढउतार राहतातच. नुसते धातूवर धातू आवळले तर त्या चढउतारांतून तेल झिरपते, पाणी गळते. म्हणून मध्ये पॅकिंग घालतात. ते कागदाचे, बुचाचे, रबराचे किंवा पत्र्याचे असते.

लिक्विड गॅस्केट हे ओले पॅकिंग आहे. ते फेसवरच्या खाचा भरून काढते आणि नंतर सुकून रबरासारखे होते. जुने मिस्त्री यासाठी शेलॅक वापरत, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले लुकण. ते आजही मिळते. १९५३ साली अमेरिकेतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी एक वेगळेच द्रव शोधले. हवा लागते तोवर ते पातळ राहते, आणि दोन धातूंच्या मध्ये हवा बंद झाली की घट्ट होते. पुढे ते 'लॉकटाइट' या नावाने जगभर गेले.

आज बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला सिलिकॉनचा. तो हवेतील ओलाव्याने सुकतो, आणि त्यात थोडी फट भरण्याची ताकद असते. ऑईल चेंबर, टॅपेट कव्हर, पाण्याच्या पंपाचा सांधा अशा ठिकाणी तो चालतो. दुसरा वर सांगितलेला, हवा बंद झाल्यावर घट्ट होणारा. तो अगदी पातळ थराचा असतो आणि मशीन केलेल्या, न वाकणाऱ्या दोन धातूंच्या मध्ये वापरतात. काही इंजिनांत क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमध्ये कागदी पॅकिंग मुळात नसतेच, तिथे कंपनीनेच लिक्विड लावायला सांगितलेले असते. जिथे कागदी पॅकिंग दिलेले आहे तिथे ते काढून नुसते सिलिकॉन लावले, तर कागदाच्या जाडीइतका फरक पडतो आणि आतल्या फिरत्या भागांची फट बदलते. हेड पॅकिंगला तर कंपनीने सांगितल्याशिवाय सिलिकॉन लावूच नये. तिथली उष्णता आणि दाब हे त्याचे काम नव्हे.

वास कशाचा असतो?

सिलिकॉन सुकताना त्यातून एक वायू बाहेर पडतो. तो कोणता, हे ट्यूबच्या प्रकारावर ठरते.

काही ट्यूबना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते अ‍ॅसिटिक आम्ल असते. ते डोळ्यांना आणि घशाला झोंबते, दम्याच्या माणसाला खोकला आणते, पण मोकळ्या हवेत त्याचा त्रास थोड्या वेळाने जातो. हेच आम्ल धातूलाही गंज आणते. म्हणून इंजिनासाठी हा प्रकार चांगले मिस्त्री टाळतात. खिडकीच्या काचांना लावायचे स्वस्त सिलिकॉन बहुतेकदा याच जातीचे असते. ते इंजिनाला लावू नये.

दुसऱ्या प्रकाराला आंबट वास नसतो. त्यातून बहुधा ऑक्झिम नावाचे रसायन सुटते. त्याचा वास सौम्य, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण युरोपीय संघाने या रसायनाची नोंद कर्करोगाचा धोका असलेल्या रसायनांत केली आहे. एखाद्या ट्यूबने कुणाला कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. बंद गाळ्यात, शटर अर्धे ओढून, रोज तेच काम वर्षानुवर्षे करू नये, एवढा याचा अर्थ आहे.

उपाय साधा आहे. ट्यूब उघडायची ती दारापाशी, वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असे उभे राहून. लावलेला भाग सुकायला ठेवायचा तो माणसे बसतात-जेवतात तिथे नाही. दारातच गॅरेज असलेल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सिलिकॉन लावलेले कव्हर रात्रभर सुकायला म्हणून खोलीत, बाळाच्या पाळण्याजवळ ठेवू नये.

लुकण बोटांना लागले तर ओले असतानाच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, मग साबण-पाणी. ते काढायला पेट्रोल वापरू नये. डोळ्यात गेले तर चोळू नये, वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवावा आणि सरकारी दवाखाना गाठावा.

जास्त लावले म्हणजे पक्के झाले, असे नाही

गॅरेजात एक समज खोलवर रुजला आहे: जितके जास्त लुकण तितके गळण्याचे भय कमी. हे उलटे आहे. बोल्ट आवळला की जादा लुकण दोन्ही बाजूंनी बाहेर येते. बाहेरचे आपल्याला दिसते, आपण ते पुसतो. तेवढेच आतही जाते, ते दिसत नाही. सुकल्यावर त्याचे तुकडे पडतात, तेलाबरोबर फिरत ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. जाळी बुजली की वर तेल पोहोचत नाही. कॅमशाफ्ट आणि बेअरिंग कोरडे फिरून झिजतात, इंजिन जाम होते. गिऱ्हाईक भांडत परत येते, आणि तेच इंजिन फुकटात पुन्हा उघडावे लागते. पुन्हा तेच खरडणे, तेच पेट्रोल, तोच धूर. एका चुकीच्या जाड थराची किंमत कारागिराच्या शरीराने दुसऱ्यांदा मोजावी लागते.

बरोबर रीत अशी. दोन्ही फेस स्वच्छ आणि कोरडे हवेत, तेलाचा लवलेशही नको. एकाच बाजूला २ ते ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ ओढावी. बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने ती जावी किंवा भोकाभोवती वळसा घ्यावा, नाहीतर तेल बोल्टवाटे बाहेर येते. सिलिकॉनवर साय धरण्याआधी भाग बसवावा. बोल्ट एका कडेने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, आणि शेवटी टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत. मग थांबावे. किती, ते ट्यूबवर छापलेले असते. साधारणपणे पूर्ण सुकायला २४ तास धरतात. तोवर तेल भरू नये आणि इंजिन चालू करू नये.

हवेचा फरकही ध्यानात घ्यावा. सिलिकॉन ओलाव्याने सुकते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात साय लवकर धरते, तेव्हा लावल्यावर रेंगाळू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आतपर्यंत सुकायला जास्त वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये.

बी.एस. ६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. न सुकलेल्या सिलिकॉनची वाफ इंजिनातून त्याच्यापर्यंत गेली तर तो निकामी होऊ शकतो. अशा गाडीला सेन्सरला चालणारे म्हणून लिहिलेलेच लुकण घ्यावे. इथेही सुकेपर्यंत थांबणे हाच अर्धा उपाय आहे.

खरा धोका: जुने पॅकिंग खरडणे

इंजिन उघडल्यावर पहिले काम असते जुने पॅकिंग काढण्याचे. ते उष्णतेने फेसला चिकटून बसलेले असते. हेल्पर पोलादी पट्टी, वायर ब्रश किंवा ड्रिलला लावलेली घासणी घेऊन बसतो, भुसा उडतो, आणि शेवटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकर मारून तो उडवतो. हा क्षण सर्वांत वाईट.

याचे कारण अ‍ॅसबेस्टॉस. हे खनिज धाग्यांचे असते आणि उष्णता सोसते, म्हणून जुन्या हेड पॅकिंगमध्ये, पॅकिंग शीटमध्ये, ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये ते वापरत आले आहेत. तांब्याच्या किंवा लोखंडी पत्र्यात राखाडी भराव असलेले जुने हेड पॅकिंग अनेकांनी पाहिले असेल. बऱ्याच देशांनी अ‍ॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे मात्र पांढऱ्या अ‍ॅसबेस्टॉसची आयात आणि वापर चालू राहिला. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अ‍ॅसबेस्टॉसच्या सर्व प्रकारांना माणसात कर्करोग करणारे मानते.

त्याचा धागा डोळ्याला दिसत नाही, नाकात खाज आणत नाही, वासही नसतो. तो फुफ्फुसात खोल जाऊन बसतो आणि शरीर त्याला विरघळवू शकत नाही. आजार दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात. अठराव्या वर्षी खरडलेल्या पॅकिंगचे दुखणे पन्नाशीत उभे राहते, तेव्हा ते गॅरेजही नसते आणि तो मालकही नसतो. अ‍ॅसबेस्टॉसच्या जोडीला विडी-सिगारेट असेल तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो.

कोणत्या पॅकिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस आहे ते नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून जुने राखाडी पॅकिंग दिसले की त्यात अ‍ॅसबेस्टॉस आहे असेच धरून चालावे. नाकाला बांधलेला रुमाल हा धागा थांबवत नाही. साध्या मास्कवरही भरवसा ठेवता येत नाही. धूळ उडूच द्यायची नाही, हाच आपल्या हातातला उपाय आहे.

त्यासाठी आधी पॅकिंग ओले करावे. साबणाच्या पाण्याचा किंवा तेलाचा हात फिरवून ते मुरू द्यावे. मग प्लास्टिकच्या किंवा बोथट पट्टीने हळू सोलावे. निघालेला लगदा ओल्या फडक्याने टिपून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा. फुंकर नाही, हवेची नळी नाही, झाडू नाही. जमीन ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ड्रम उघडतानाही हाच नियम.

यात वेळ जातो अशी तक्रार मालक करतील. त्यांना इंजिनाच्या भाषेत सांगावे. पोलादी पट्टीने अ‍ॅल्युमिनियमच्या फेसवर चरे पडतात आणि मग कितीही लुकण लावले तरी गळती राहते. घासणीच्या चकतीची कच तेलाच्या वाटेत शिरते आणि नवे बेअरिंग खाते. ओले करून हळू काढलेल्या फेसला लुकणही कमी लागते.

पेट्रोलने धुणे

दुसरे मोठे काम भाग धुण्याचे. परातीत पेट्रोल घेऊन उघड्या हातांनी ब्रश मारणे हे चित्र सगळीकडे दिसते. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते. बी.एस. ६ च्या नियमांप्रमाणे ते १ टक्क्यापेक्षा जास्त नसावे, पण दिवसभर परातीवर वाकून बसणाऱ्याच्या नाकात तेही पुरेसे जाते. बेन्झीन हाडांतील मगजावर, म्हणजे रक्त तयार होते त्या जागेवर परिणाम करते, आणि दीर्घ काळाने त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पेट्रोल कातडीतील तेल ओढून घेते, म्हणून हात कोरडे पडतात, भेगा पडतात, इसब होते. शिवाय आगीचे भय आहेच. परातीत पेट्रोल आणि शेजारी विडी, यातून माणसे होरपळली आहेत.

पेट्रोलऐवजी डिझेल किंवा रॉकेल घेतले तर वाफ आणि आगीचे भय कमी होते, पण हातांचा त्रास राहतो. सर्वांत बरे म्हणजे डिटर्जंटचे गरम पाणी आणि ब्रश, आणि नंतर भाग पूर्ण कोरडे करणे. लुकण लावण्याआधीचा शेवटचा फेस पुसायला तेवढे थोडे द्रव फडक्यावर घ्यावे, परात भरून नव्हे. नायट्राइलचे निळे हातमोजे औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पातळ रबरी मोजे पेट्रोलने लगेच फुगतात, ते उपयोगाचे नाहीत.

स्प्रेच्या डब्यातील ब्रेक क्लीनर आणि कार्ब क्लीनरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास गॅरेज कामगारांच्या हातापायांना बधिरता आली, चालण्यातला जोर गेला. तपासात कारण निघाले ते क्लीनरमधील हेक्झेन नावाचे द्रव. ते नसांना इजा करते. म्हणून पायाची किंवा हाताची बोटे सुन्न वाटू लागली, मुंग्या येऊ लागल्या, तर थकवा आला असेल असे म्हणून सोडून देऊ नये.

नळीने तोंडाने पेट्रोल ओढण्याची सवय पूर्ण बंद करावी. चुकून पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण उलटीच्या वेळी ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यावे.

इंजिन बांधून झाल्यावर चाचणीसाठी चालू करतात. ते बंद गाळ्यात करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके जड होते, चक्कर येते आणि माणूस तिथेच पडतो.

काळे तेल आणि मागच्या खिशातले फडके

इंजिनातून निघालेले काळे तेल नव्या तेलासारखे नसते. जळण्यातून तयार झालेली घातक रसायने त्यात मिसळलेली असतात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्रावरचे तेल कामगारांच्या मांड्यांवर उडत असे, आणि अनेक वर्षांनी त्यांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होत असे. तेल रोज त्याच जागी, कपड्यातून कातडीला लागत राहिल्याने हे घडले.

आपल्या गॅरेजांत तेलकट फडके पँटच्या खिशात खोचण्याची सवय आहे. दिवसभर ते तेल कातडीला लागत राहते. फडके खिळ्याला अडकवावे, खिशात नको. कपडे तेलाने भिजले तर त्याच दिवशी बदलावेत.

हात धुवायला पेट्रोल, रॉकेल वापरू नये. आधी थोडे खोबरेल किंवा कोणतेही गोडे तेल चोळावे, काळेपणा सुटतो, तो फडक्याने पुसावा, मग साबण लावावा. झोपताना पुन्हा खोबरेल लावावे. जेवणाआधी, विडी-तंबाखूआधी आणि लघवीला जाण्याआधीही हात धुवावेत. ही शेवटची सवय ऐकायला विचित्र वाटते, पण वरची सूतगिरणीची हकीकत आठवली की कारण समजते.

घरच्यांसाठी

अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यांत कधी पाऊल न टाकलेल्या बायकांनाही त्या धाग्याचा कर्करोग झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. त्यांनी केले होते एवढेच, की नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुतले होते. म्हणून आमच्या माता-भगिनींना आमचे सांगणे असे:

गॅरेजचे कपडे घरात येता कामा नयेत. शक्य असेल तर कामाच्या जागीच बदलावेत. नसेल तर दाराबाहेर काढून लगेच पाण्याच्या बादलीत बुडवावेत, झटकू नयेत.

ते इतरांच्या, विशेषतः बाळाच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच लेकराला उचलावे. मुलाने पळत येऊन मिठी मारली तरी बापाने क्षणभर थांबवावे.

तेलकट फडकी चूल पेटवायला घेऊ नयेत. त्यांचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

ऑईलचे आणि लुकणाचे रिकामे डबे पाणी, पीठ, मीठ ठेवायला वापरू नयेत. पेट्रोल-रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये, तहानलेले मूल ते पाणी समजून पिते.

हे काम कुणाच्या वाट्याला येते?

गॅरेजात लुकण लावतो तो उस्ताद. खरडतो आणि धुतो तो हेल्पर. म्हणजे सर्वांत घातक काम सर्वांत कमी पगाराच्या, सर्वांत कोवळ्या पोराला मिळते. 'आधी दोन वर्षे धुणे, मग पाना' अशीच शिकण्याची वाट समजली जाते. हे बदलता येते. शिकाऊ मुलाला पहिल्याच आठवड्यात ओले करून खरडायला आणि मोजे घालून धुवायला शिकवणे हा कामाचा पहिला धडा असायला हवा. आपल्या वस्त्यांत अनेक जण आता स्वतः गॅरेजचे मालक आहेत. त्यांनी सुरुवात केली तर इतरांना सांगायला तोंड राहील.

चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून लहान मुलाला पाठवू नये. वाढत्या फुफ्फुसांना ही धूळ अधिक लागते, आणि पुढची वर्षेही त्याच्याजवळ जास्त असतात, म्हणजे आजार उभा राहायलाही वेळ जास्त मिळतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले की कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षांपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश आहे, कारण आजारच तितक्या उशिरा दिसतो. छोट्या गॅरेजात कुणी नोंद ठेवत नाही. ती आपणच ठेवावी. एका वहीत लिहावे: कोणत्या वर्षापासून कोणत्या प्रकारच्या गॅरेजात, काय काम केले. छातीचे एक्स-रे काढले असतील तर ते फेकू नयेत.

डॉक्टरांना काय सांगावे?

तीनशे वर्षांपूर्वी इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने सांगितले होते की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारावे. आजही गर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न राहून जातो. तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे: "मी गॅरेजात इंजिनाचे काम करतो, जुनी पॅकिंग खरडतो, पेट्रोलने भाग धुतो, इतकी वर्षे झाली."

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, ती आधी करावी. आपल्याकडे खोकला म्हटले की क्षय आठवतो आणि ते योग्यच आहे. पण क्षय नाही असे निघाल्यावरही चालताना दम लागत असेल, कोरडा खोकला जात नसेल, तर धुळीचा आजार आहे का हे पाहायला सांगावे. हातावरचा इसब बरा होत नसेल, कातडीवर न भरणारी जखम किंवा चामखिळीसारखी वाढ असेल, बोटे सुन्न होत असतील, विनाकारण थकवा येऊन हिरड्यांतून रक्त येत असेल, तरीही हेच वाक्य आधी सांगावे. डॉक्टरांचे औषध त्या एका वाक्याने बदलू शकते.

हे पान वाचून झाले की गॅरेजात जाणाऱ्या आपल्या माणसाला वाचून दाखवा. त्याला वेळ नसेल तर निदान तीन गोष्टी सांगा: खरडण्याआधी ओले कर, मोज्याशिवाय धुऊ नको, आणि लुकण थोडे लावून सुकेपर्यंत थांब.